शिलेदाराच्या घोड्याचा जमाखर्च

मराठ्यांच्या इतिहासांत घोड्याचें स्थान काय आहे हें कोणास सांगावयास नको. परंतु घोडा धांवूं लागला म्हणजे काय घडलें याचीं वर्णनें जितकीं विपुल आहेत, तितका तो दावणीस उभा असतां रोज काय खातो, त्याचे नाल किती दिवसांनीं बदलावे लागतात, आणि त्याचें वय झालें म्हणजे धन्याच्या पदरास किती खार लागतो, याचा विचार आमच्या लेखकांनीं केलेला फारसा आढळत नाहीं. आजकाल एखादा हौशी गृहस्थ जुनी वेगवान मोटार दारीं बाळगतो, तिच्या तेलाचा, टायरांचा व दुरुस्तीचा पै-पैचा हिशेब वहींत मांडतो, आणि शेजारीपाजारी त्याला हंसतात. वस्तुतः सातारा-सांगलीकडे या गृहस्थाचे पूर्वज फार जुने आहेत. त्यांना शिलेदार म्हणत.

बारगीर हा सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. शिलेदार हा घोडा व हत्यार पदरचें घेऊन चाकरीस येणारा. शिवछत्रपतींचा भर पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांवर, अधिक होता. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तितक्याच घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे, असें सभासदानें लिहून ठेविलें आहे. या व्यवस्थेंतील खरा महत्त्वाचा पुरुष आम्हांस नालबंद वाटतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडावर नालाशिवाय घोडा चालविणें म्हणजे त्याला लंगडा करणें होय. मोहिमेवर निघतांना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची याद होई आणि परत आल्यावर झाडा घेतला जाई. महाराजांची याविषयींची दक्षता पहावयाची असेल तर चिपळूणच्या छावणीवरील अंमलदारांस गेलेलें त्यांचें प्रसिद्ध पत्र पहावें. दाणावैरण आतांच उधळली तर भर पावसाळ्यांत घोडे उपाशी मरतील, मग लोक रयतेच्या घरांतून धान्य उचलूं लागतील, आणि रयतेस मोगल बरे वाटूं लागतील, असा त्यांतला इशारा आहे. चंदीच्या हिशेबांतली चूक राज्याच्या अब्रूवर कशी येते, हें इतक्या थोडक्यांत दुसऱ्या कोणीं सांगितलेलें आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें शाहू महाराजांच्या व पेशव्यांच्या काळीं राज्य पसरलें, आणि इतक्या मोठ्या फौजेचे घोडे सरकारनें स्वतः पोसणें अशक्य झालें. तेव्हां सरंजामाची पद्धत वाढली. सरदारास मुलूख लावून द्यावयाचा; त्यांतला कांहीं भाग त्याच्या जातीकरितां, कांहीं फौजेकरितां. मिरज १७६१ सालीं गोविंद हरि पटवर्धनांकडे आली, ती याच रीतीनें. या घराण्याचे कागद मिरजेच्या हायस्कुलांत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं चिकाटीनें वाचले व १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या रूपानें छापून काढले. राजकारणासाठीं ते सर्वच वाचतात. पण छावणींतून आलेल्या पत्रांत दाणावैरणीची महागाई आणि थकलेला रोजमुरा हे विषय किती वेळां येतात, इकडे वाचकांनीं एकदां लक्ष द्यावें, अशी आमची शिफारस आहे.

आतां प्रत्यक्ष हिशेबाकडे वळूं. शिलेदार चाकरीस आला म्हणजे त्याच्या घोड्याची पाहणी होई. कुमाईत कीं अबलख, कपाळावर टिळा आहे कीं नाहीं, पाय पांढरे किती, किंमत काय, हें सर्व लिहून घेत. मोगलांच्या दरबारीं याच कामासाठीं घोड्यास डागही देत. नोंदणीचें कारण उघड आहे. हजिरीच्या दिवशीं शेजाऱ्याचा घोडा आणून उभा करणें, किंवा चांगला घोडा विकून त्या जागीं मरतुकडें तट्टू दाखविणें, या विद्येंत आपले लोक कोणास हार जाणारे नव्हते. 'खोगीरभरती' हा शब्द मराठींत उगाच रूढ झालेला नाहीं! नोंद झाली कीं शिलेदारास कांहीं रक्कम आगाऊ मिळे. तिला नालबंदी म्हणत. घोड्याच्या पायाला लोखंड ठोकण्यापासून चाकरीस आरंभ होतो, हें या नांवांतच सांगितलेलें आहे.

ही आगाऊ रक्कम किती दिवस पुरणार? साडेतीनशें किलो वजनाच्या मध्यम घोड्यास दिवसाकांठीं सहा-सात किलो कोरडा चारा व दाणा लागतो. हजार घोड्यांची छावणी म्हटली कीं रोजची सात टनांची बेगमी आली. नाल दीड-दोन महिन्यांत झिजतात किंवा खूर वाढल्यामुळें काढावे लागतात. म्हणजे एका घोड्यास वर्षाचे सुमारें तीस नाल झाले. याशिवाय खोगीर, तोबरा, अगाडी-पिछाडी, मसाला, मोतद्दाराचा पगार. यांतील कोणतीही बाब घोडा घरीं बसला म्हणून थांबत नाहीं. पुन्हा घोड्याचें वय हें शिलेदाराचें खरें दुखणें. पांच वर्षांचा झाला म्हणजे त्याचे दांत पुरे येतात. पंधरा वर्षांच्या पुढें ते झिजतात, हरभरा नीट चावला जात नाहीं, तो भिजवून किंवा भरडून द्यावा लागतो, आणि तरीही बरगड्या दिसूं लागतात. खर्च वाढतो आणि किंमत उतरते. विकावा तर गिऱ्हाईक पहिल्यानें तोंडच उघडून पाहतो. ठेवावा तर सावकार दारांत उभा. शिवाय ज्यानें आपणांस चार मोहिमांतून जिवंत घरीं आणलें त्याला बाजारांत उभा करावयाचा, हेंही सर्वांनाच साधत नाहीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे मराठी स्वार लढाईपेक्षां लुटीकडे अधिक वळत, या इंग्रज लेखकांच्या आक्षेपाचा निराळा अर्थ लागतो. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचें नुकसान. शिलेदाराचा घोडा पडला तर घर बुडालें. लढाईंत पडलेल्या घोड्यांची किंमत भरून दिल्याच्या नोंदी पेशवाईच्या दफ्तरांत आहेत हें खरें. पण जेथें रोजमुराच थकत असे, तेथें या भरपाईवर किती शिलेदारांनीं भरंवसा ठेवावा? पानिपतावर घोडे आधीं उपासानें गेले, स्वार मागाहून. तेव्हां धाडसाची उणीव शोधण्यापूर्वीं जमाखर्चाचें पान उघडणें बरें, असें आमचें मत आहे.

पेशवाई बुडाल्यावर हाच हिशेब सांगलीकरांसमोर वेगळ्या रूपानें आला. १८०१ मध्यें मिरजेहून विभक्त झालेले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं इंग्रजांची स्वारांनिशीं चाकरी करण्याचें नाकारलें आणि त्याऐवजीं वर्षाकांठीं १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. घोडे पोसण्याचा खर्च रुपयांत मांडून तो फेडून टाकण्याचा इतका मानी प्रकार आमच्या इतिहासांत विरळा.

इंग्रजांनीं शिलेदारीची पद्धत मात्र सोडली नाहीं. जून १८१७ च्या पुणें तहान्वयें पेशव्यांच्याच खर्चानें उभें केलेलें स्वारांचें पथक सहा महिन्यांनीं कोरेगांवास पेशव्यांविरुद्ध लढलें, ही गंमत बाजूस ठेवूं. त्यांच्या घोडदळांत पुढें जें केलें तें मात्र शिकण्यासारखें होतें. भरती होतांना स्वारानें आसामीची रक्कम भरावी, दरमहा पगारांतून चंदा द्यावा, आणि घोडा मेला किंवा म्हातारा झाला म्हणजे या सामाईक चंद्यांतून नवा घ्यावा. एकट्याच्या माथ्यावरचें ओझें शेंकडों माथ्यांवर वांटलें गेलें. शांततेच्या काळांत हा बेत उत्तम चालला. पहिल्या महायुद्धांत घोडे इतक्या झपाट्यानें बदलावे लागले कीं तोही कोसळला, आणि युद्धानंतर पद्धतच बंद पडली.

त्या घोड्यांचा वंश मात्र गेलेला नाहीं. भीमा-नीरेच्या कांठचीं भीमथडी तट्टें आजही मेंढ्यांच्या कळपांबरोबर फिरणाऱ्या धनगरांकडे दिसतात, आणि अलीकडे राष्ट्रीय पातळीवर त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. पाठीवर भांडींकुंडीं, वर एखादें नुकतेंच जन्मलेलें कोंकरूं, आणि शिकारीच्या काळींही ज्याची चाल मोडली नसती असें तें तट्टू रस्त्याच्या कडेनें चाललेलें असतें. त्याच्या चाऱ्याची वही धनगरानें अर्थातच ठेवलेली नसते. पण त्याचे दांत तो रोज पाहतो.