पळवून आणलेली नायिका

युरोपीय साहित्यातल्या सर्वांत गाजलेल्या ‘जिप्सी’ नायिकांपैकी दोघी जन्माने जिप्सी नाहीतच. सर्व्हान्टेसच्या १६१३ सालच्या कथेतली प्रेसिओसा अखेरीस बड्या अधिकाऱ्याची मुलगी निघते. अंगावरच्या जन्मखुणांनी तिची ओळख पटते आणि उमरावपुत्राशी तिचे लग्न लावायला मग कुणाचीच हरकत उरत नाही. व्हिक्टर ह्यूगोची एस्मेराल्डा (१८३१) हीदेखील एका फ्रेंच बाईची पळवलेली लेक. तिची खूण म्हणजे तान्हेपणीचा बूट. याउलट पुश्किनची झेम्फिरा आणि मेरिमेची कार्मेन खरोखरच रोमा, म्हणजे ज्यांना इतर लोक जिप्सी म्हणतात त्या समाजातल्या, आहेत, आणि दोघीही प्रियकराच्या सुरीने मरतात. दोन्ही मारेकरी बाहेरून त्यांच्यात आलेले. लग्न कुणाच्या वाट्याला आणि सुरी कुणाच्या, हे एकदा ध्यानात आले की रोमा जीवनाच्या साहित्यिक चित्रणाचा अभ्यास सुरूच झाला म्हणायचा.

या अभ्यासात कथा आणि शास्त्र वेगळी काढता येत नाहीत. मेरिमेने १८४५ सालच्या ‘कार्मेन’ला नंतर रोमा लोकांच्या चालीरीतींवर आणि भाषेवर एक प्रकरण जोडले. त्यातली बरीच माहिती जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाकडून आलेली. बॉरो तर स्वतःच प्रवासवर्णन आणि कादंबरी यांच्या सीमेवर आयुष्यभर रमलेला. अशा पुस्तकांवर पुढच्या पिढ्यांचे ‘ज्ञान’ पोसले गेले.

त्या ज्ञानात आपलाही एक धागा आहे. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा, हे जर्मन अभ्यासकांनी १७८० च्या दशकातच दाखवून दिले. म्हणून कुणी रोमांना आपले हरवलेले भाऊ म्हणू लागले, की मला प्रेसिओसाच्या जन्मखुणा आठवतात. नाते सिद्ध झाल्यावरच माया लावायची, ही अट जुनीच आहे.

रोमा स्वतः लिहू लागले त्याला फार काळ लोटलेला नाही. मातेओ माक्सिमॉफची फ्रेंच कादंबरी १९४६ ची, मेनिहेर्त लाकाटोशची हंगेरियन कादंबरी १९७५ ची. ऑस्ट्रियाच्या चेया स्टोइकाने नाझी छळछावण्यांच्या आठवणी १९८८ मध्ये छापल्या. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ ही भटक्या-विमुक्तांची आत्मकथने याच दशकातली, त्यामुळे आतून लिहिले की काय बदलते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पण दोन समाजांचे इतिहास एकच मानण्याची घाई करू नये.

पोलंडच्या पापुशाची कहाणी मात्र कुठल्याच चौकटीत बसत नाही. तिने हट्टाने अक्षरे गिरवली, कविता रचल्या. येर्झी फिकोव्स्कीने त्या मनापासून पोलिशमध्ये आणल्या. नेमका तो काळ रोमांची भटकंती थांबवून त्यांना सक्तीने स्थिर करण्याच्या सरकारी मोहिमेचा. आपली गुपिते हिने परक्यांना दिली, असे म्हणून तिच्याच माणसांनी तिला तोडले. १९८७ मध्ये वारली तोवर ती एकाकीच राहिली. अनुवादकाचा हेतू शुद्ध होता, एवढे म्हणून ही गोष्ट मिटत नाही. कुणासाठी लिहायचे आणि कुणाला ऐकू द्यायचे, हा प्रश्न या क्षेत्रात तिच्यापासून धारदार झाला.

नव्या वाचकाने सुरुवात ‘कार्मेन’पासून केली तरी चालेल. फक्त जोडलेले ते प्रकरण कंटाळवाणे म्हणून सोडू नये. ते वाचून लगेच लाकाटोश हाती घ्यावा.