नेरूळचा पेला, मॉरिशसची रम

मॉरिशसला हॉटेलात पाऊल टाकले की हातात जो पहिला पेला येतो, तो बहुधा रम पंचाचा. लालसर-केशरी रंग, कडेला अननसाची चकती, निम्मा पेला बर्फ. आपण तो घटाघटा पितो, खोलीची किल्ली घेतो आणि समुद्राकडे धावतो. या पेल्यातला 'पंच' म्हणजे आपलाच पंच, पंचामृतातला आणि पंचखाद्यातला, असे माझे ठाम मत आहे. बेटावर रम कोणती घ्यावी हेही पुढे सांगणार आहे, पण आधी या मताची वकिली.

धागा सापडला तो युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या कोशात. हा कोश कधी एका शब्दासाठी उघडू नये, संध्याकाळ जाते. तिथे 'पंच' या नोंदीत जॉन फ्रायर भेटला. ईस्ट इंडिया कंपनीचा हा वैद्य शिवकालाच्या अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. १६७०च्या दशकात तो आपल्या किनाऱ्यावर होता, जुन्नरपर्यंत जाऊन आला आणि १६९८ साली त्याचे प्रवासवर्णन छापून निघाले. गोव्याजवळच्या नेरूळ गावी सर्वांत उत्तम अरक गाळतात, असे तो लिहितो. या किनाऱ्यावरचे इंग्रज त्या अरकापासून एक अंगातले त्राण घालवणारे पेय करतात, त्याला 'पाँच' म्हणतात. हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिन्नस पडतात. फ्रायर वैद्यच, त्यामुळे पाच द्रव्यांच्या औषधाला संख्येवरून नाव देण्याची युरोपीय वैद्यांची रीतही तो लगेच शेजारी आणून ठेवतो.

हे नेरूळ नवी मुंबईतले नव्हे. मांडवीच्या मुखाशी, बार्देशातले. आज तिथे पर्यटक मासळी खायला जातात. तेव्हा तिथला रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडी, उतरवायचा आणि ती भट्टीवर चढायची. म्हणजे फ्रायरच्या पंचात रम नव्हतीच, माडाची दारू होती. रम त्यात नंतर शिरली.

रमची स्वतःची कहाणी सर्वांना माहीत आहे, ती झटपट उरकतो. सतराव्या शतकाच्या मध्यावर कॅरिबियन बेटांवर, विशेषतः बार्बाडोसला, साखर कारखान्यांतून उरलेल्या मळीची दारू गाळू लागले. तिला 'रम्बुलियन' आणि 'किल-डेव्हिल' अशी नावे होती, त्यातले पहिले आखडून रम झाले असावे. पुढे इंग्रजी आरमाराने ती खलाशांना रोजच्या शिध्यात दिली. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्ननने तिच्यात पाणी घालायचा हुकूम काढला आणि हा शिधा थेट १९७० साली बंद झाला. झाले.

आता वाद. 'पंच' म्हणजे पाच हे ज्यांना मान्य नाही, त्यांच्यात ऑक्सफर्डच्या कोशकारांसारखी वजनदार मंडळी आहेत. त्यांचा एक पर्याय असा, की हा शब्द 'पंचन' या पिंपाच्या नावावरून आखडला. जहाजावर दारू पिंपात असते, खलाशांना शब्द तोडायची खोड असते, तेव्हा पंचनचे पंच झाले. ऐकायला चोख वाटते. पण जुने साक्षीदार काय म्हणतात ते बघा. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेला होता. तिथले इंग्रज जे पितात त्याचे नाव तो 'पालेपुंट्झ' असे देतो. फ्रेंच प्रवासी ला बुलाय-ल-गूझ १६५३ मध्ये 'बोलपाँज' लिहितो. दोघांच्या कानावर पडलेला मूळ प्रयोग एकच होता, 'बोल ऑफ पंच', म्हणजे वाडगाभर पंच. पहिल्या पिढीपासून हे पेय वाडग्याला चिकटलेले आहे. पिंपाचा कुठे मागमूस नाही. पंच कालवायचा वाडग्यात, प्यायचा वाडग्यातून, आणि नाव मात्र गोदीतल्या पिंपाचे? मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. मोजा म्हणतात. मांडेल्स्लोच्या पेयात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर, एकूण चार. ला बुलायच्या यादीत साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट, एकूण पाच. १६६०च्या सुमारास बंगालविषयी लिहिणारा फ्रेंच प्रवासी बर्निये अरक, लिंबाचा रस, पाणी आणि थोडे जायफळ सांगतो, पुन्हा चार. नाव पाचाचे आणि जिन्नस चार, हे कसे?

असा प्रश्न विचारणाऱ्याने मराठी घरात गणपतीची खिरापत कधी केलेली दिसत नाही. खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस असे हे पंचखाद्य. पण एका घरात खवा पडतो, दुसऱ्या घरात खारीक सुटते, तिसऱ्या घरात वेलदोडा जातो, ज्याचा 'ख'शी काही संबंध नाही. डब्यात सात जिन्नस असोत की चार, त्याला पंचखाद्यच म्हणतात. पंचपक्वान्नांच्या ताटातली पक्वान्ने तरी कोण मोजतो? आपल्याकडे 'पंच' लागला की तो आकडा राहत नाही, तो थाट होतो. चार जिन्नसांचा पंच इंग्रजांना चालला यात मला काही नवल वाटत नाही.

तिसरा आक्षेप उच्चाराचा. 'पांच'मधला आ लांब आहे आणि इंग्रजी शब्दात स्वर ऱ्हस्व आहे. फ्रायर स्वतः 'पाँच'सारखे लिहितो, बाकीचे इंग्रज तसे लिहीत नाहीत. मान्य. पण आपल्याकडे एकट्या आकड्याचा उच्चार वेगळा आणि समासातला वेगळा. पाच, पण पंचमी. पाच, पण पंचनामा. पंचातला हा ऱ्हस्व अ इंग्रज आपल्या 'यू' अक्षराने लिहीत. पंजाब आणि पंडित त्यांनी तसेच लिहिले. तेव्हा शब्द गेला तो आकड्याच्या रूपात नव्हे, 'पंच-' या जोडशब्दातल्या रूपात गेला, असे मी म्हणतो. कोणत्या जोडशब्दातून? माझा कौल पंचामृताला. वाडग्यात कालवलेले, साखर घातलेले, पाचाचे नाव असलेले पेय किनाऱ्यावरच्या देवळादेवळांत होते. दूध-दह्याच्या जागी अरक आणि लिंबू घातले की परक्याने त्याला काय म्हणावे? याला कागदोपत्री पुरावा नाही, माझी खात्री आहे एवढेच.

एक अडचण मात्र झाकून चालणार नाही. शब्दाची सर्वांत जुनी नोंद १६३२ सालची, रॉबर्ट ॲडम्स नावाच्या इंग्रजाच्या पत्रातली, आणि ते पत्र गेले पेटापोलीच्या वखारीतल्या माणसाला. पेटापोली म्हणजे आजचे आंध्रातले निजामपट्टणम. तेलुगूत पाचाला 'ऐदु' म्हणतात, त्यातून पंच निघणे शक्य नाही. पण पत्राचा सूर बघता शब्द लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही मुरलेला होता, त्याचा अर्थ सांगायची गरज पडली नाही. तोवर सुरतेची वखार वीसेक वर्षांची झाली होती आणि कंपनीची माणसे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर सतत जात-येत असत. शब्द पश्चिमेकडून तिकडे गेला, एवढे मी गृहीत धरतो.

आता बर्नियेकडे परत, कारण खरी गंमत त्याच्याकडे आहे. तो ज्या अरकाविषयी सांगतो तो माडाचा नाही, काळ्या साखरेचा, म्हणजे मळी-गुळाच्या जातीच्या पदार्थापासून गाळलेला आहे. उसाची काळी साखर गाळून काढलेली दारू म्हणजे रमच. तिच्यात लिंबू, पाणी, वर किसलेले जायफळ. चवीला बरे, प्रकृतीला घातक, असा त्याचा शेरा आहे. बार्बाडोसची रम अजून बाल्यात होती तेव्हा बंगालच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि डच खलाशी रम पंच पीत होते. कॅरिबियनने पंचाला रम दिली असे सगळीकडे लिहिलेले असते. माझ्या मते तिकडे फक्त कारखाना मोठा झाला.

कॅरिबियनमध्ये या पेयाचे एक प्रमाण पाठ करतात: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, सौम्य चार. म्हणजे लिंबू, साखर, रम आणि पाणी किंवा फळांचा रस. मोजणाऱ्यांनी इथे पुन्हा बोट उचलावे, चारच झाले. पण बार्बाडोसचा माणूस पेला पुढे करण्याआधी वर जायफळ किसतो. पाच.

मॉरिशसला ऊस डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणला. मग फ्रेंच आले, १८१० पासून इंग्रज, आणि १८३४ पासून ऊस तोडायला हिंदुस्थानातून करारावर माणसे नेली गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांची वस्ती आजही तिथे आहे आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. चोरून गाळलेल्या गावठी रमला तिथल्या क्रिओल बोलीत 'तिलांबिक' म्हणतात. ते 'अलांबिक', म्हणजे अरबी 'अल-अंबीक' या भट्टीच्या भांड्यावरून आले. शब्दांच्या बाबतीत ही बेटे फार उधार घेतात आणि परत करत नाहीत. प्रवाशाने तिलांबिकच्या वाटेला जाऊ नये. काय गाळले आहे याची खात्री कोणी देत नाही.

मग घ्यावे काय? मॉरिशसची बहुतेक रम दीर्घकाळ मळीचीच होती, कारण उसाचा रस साखरेकडे जायचा. थेट रसापासून रम गाळायची मोकळीक या शतकातच मिळाली. नैर्ऋत्येच्या डोंगरात चामारेलची भट्टी २००८ मध्ये सुरू झाली, ती स्वतःच्या शेतातला ऊस गाळते. दक्षिणेला सेंट ऑबिन आहे, उत्तरेला लाबुर्दोने. न्यू ग्रोव्ह मळीची, जुन्या वळणाची. तेव्हा बाटलीवर पहिल्यांदा हे बघा, 'आग्रिकोल' लिहिले आहे की नाही. लिहिले असेल तर रसाची. कापलेला ऊस ताबडतोब पिळावा लागतो, म्हणून ही रम तोडणीच्या हंगामातच निघते. मळी टिकते, तिची रम बारा महिने. रसाची पांढरी रम नाकाशी नेली की गुऱ्हाळाशेजारी उभे राहिल्यासारखा हिरवट, ओला वास येतो. पंचाला हीच घ्यावी. मळीची, ओकच्या पिंपात मुरलेली रम पंचात घालणे म्हणजे उधळपट्टी. ती संध्याकाळी नुसती, फार तर एक बर्फाचा खडा टाकून. रंगावरून वय ठरवू नका, कॅरॅमलनेही रंग येतो. आणि 'रम अरांजे' म्हणून लिची, व्हॅनिला, अननस भिजवलेल्या बाटल्या दिसतील. त्या गोड आणि देखण्या असतात. पाहुण्यांना द्यायला ठीक, पण रमची चव त्यावरून ठरवू नका.

भट्टीवर जाऊन चार-पाच प्रकार चाखून मगच विकत घ्या. परतीच्या रस्त्यावर गाडी दुसऱ्याने चालवावी, चामारेलचा घाट वळणावळणांचा आहे. हॉटेलात रम पंच मागवलात तर डब्यातल्या सरबताऐवजी ताजे लिंबू पिळायला सांगा, आणि वर जायफळ किसून मागा. बारवाल्याने का म्हणून विचारले, तर त्याला नेरूळचा पत्ता द्या.