१९४८चा फोटो आजच्या चौकात: युद्धकाळातली छायाचित्रं आजच्या दृश्यात कशी मिसळतात?

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाचे जुने कृष्णधवल फोटो मोबाइलवर फिरू लागतात. असा जुना फोटो आजच्या रंगीत रस्त्यावर 'उमटलेला' दाखवायचीही एक पद्धत आहे. अर्धं चित्र तेव्हाचं, अर्धं आत्ताचं. बघणाऱ्याला वाटतं, 'हे तर आपल्याच गल्लीत घडलं!' हीच या पद्धतीची ताकद आहे, आणि धोकाही.

ही पद्धत नेमकी काय आहे?

जुना फोटो जिथून काढला होता, तिथेच उभं राहून नवा फोटो काढायचा, याला पुनर्छायाचित्रण म्हणतात. त्यानंतर दोन्ही फोटो एकमेकांत मिसळले की संयुक्त चित्र तयार होतं.

रशियाचे सर्गेई लारेन्कोव यांची अशी चित्रं जगभर गाजली. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असा वेढा पडला होता. त्या काळातले फोटो त्यांनी आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर बसवले. नेदरलँड्समध्ये यो टेउविसे यांनी महायुद्धातल्या फोटोंवर असंच काम केलं.

हिंगोलीशी याचा संबंध काय?

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होती. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड मात्र भारतात होता. त्यामुळे ही नदी संस्थानाची सीमा होती आणि पलीकडच्या उमरखेडसारख्या गावांत स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरं चालत. वसमतचं बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्याच लढ्यातले हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्या नावाने ओळखलं जातं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. १७ तारखेला निजामाने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी सिकंदराबादजवळ संस्थानाच्या सैन्याचे प्रमुख एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. या प्रसंगाचा फोटो प्रसिद्ध आहे. पण तो हिंगोलीतल्या एखाद्या चौकावर चढवला, तर चित्र कितीही देखणं झालं तरी ते खोटंच ठरतं.

जुना फोटो शोधताना काय लक्षात ठेवायचं?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात होता. म्हणून १९४८च्या फोटोखाली 'हिंगोली जिल्हा' असं लिहिलेलं सापडणार नाही. शोध 'परभणी' आणि 'हैदराबाद संस्थान' या नावांनी घ्यावा लागतो. संस्थानाची राजभाषा उर्दू होती, त्यामुळे फोटोमागची ओळ उर्दूत असू शकते. संस्थानाची बरीच जुनी कागदपत्रं हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत. घरातले अल्बम आणि शाळांच्या भिंतींवरच्या तसबिरीही पाहायला हव्यात.

तीच जागा कशी ओळखायची?

जवळची आणि लांबची अशा दोन स्थिर वस्तू फोटोत शोधायच्या. समजा, वेशीचा खांब मागच्या मंदिराचं शिखर अर्धं झाकतोय. बरोबर जागी उभं राहिलं तर आजही तो तेवढाच झाकेल. शिखर पूर्ण दिसलं, तर आपण बाजूला सरकलो आहोत. शिखराच्या मानाने वेस जास्तच मोठी दिसली, तर आपण फार पुढे आलो आहोत. झूम करून ही चूक सुधारत नाही, कारण झूमने फक्त चौकट लहान होते. जागा पायांनीच शोधावी लागते.

औंढा नागनाथच्या मंदिरासारखं दगडी बांधकाम यासाठी उत्तम खूण ठरतं. शेतं मात्र फसवतात. तेव्हाच्या ज्वारी-कापसाच्या जागी आज सोयाबीन आणि हळद आहे. पैनगंगेवरचं इसापूर आणि पूर्णेवरचं सिद्धेश्वर ही धरणं नंतर झाली, त्यामुळे पाण्याच्या कडा बदलल्या. पूर्णा-हिंगोली रेल्वे मीटरगेजची ब्रॉडगेज झाली.

फोटो सप्टेंबरचा असेल, तर नवा फोटोही सप्टेंबरमध्येच आणि त्याच सुमाराच्या वेळेला काढावा. म्हणजे सावल्या एकाच दिशेला पडतात.

दोन फोटो जोडतात कसे?

फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या गिम्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या फोटोवर जुना फोटो ठेवतात. वरचा फोटो अर्धपारदर्शक करून छपराच्या कडा, खिडक्या, कमानी जुळवतात. मग नको तो भाग 'मास्क'ने झाकतात आणि कडा पुसट करतात. मोबाइलची लेन्स जुन्या कॅमेऱ्यांपेक्षा बहुधा जास्त रुंद दृश्य टिपते. म्हणून त्याच जागेवरून फोटो काढून नंतर कापून घेणं सोयीचं पडतं. कडेच्या रेषा वाकतात, म्हणून मुख्य इमारत चौकटीच्या मध्यभागी ठेवावी.

मग हे चित्र पुरावा मानायचं का?

नाही. पुरावा फक्त मूळ फोटो असू शकतो, आणि त्याचीही तपासणी हवी. लखनौच्या सिकंदरबागेत १८५७ मध्ये लढाई झाली. फेलिस बिआतो यांनी तिथला फोटो काढला तो पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये. त्यात दिसणारी हाडं फोटोसाठी मांडली होती, असं अनेक अभ्यासक मानतात. असा फोटो आजच्या दृश्यात मिसळला तर तो आणखी खरा वाटू लागतो.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते. रझाकारांचे अत्याचार अनेक घरांनी सोसले. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. त्यात शेजारच्या नांदेड जिल्ह्याचाही उल्लेख आहे. ज्या घरासमोर जुना फोटो बसवला जातो, त्या घरात आजही माणसं राहतात. चुकीच्या दारावर बसवलेला फोटो म्हणजे त्या कुटुंबावर केलेला आरोप ठरू शकतो.

म्हणून चित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात: मूळ फोटो कुठला आणि कधीचा, आजचा फोटो कधी काढला, आणि हे चित्र दोन फोटो जोडून केलं आहे. सोबत दोन्ही मूळ फोटो वेगवेगळे द्यावेत.

घाई कशासाठी?

१९४८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. पाडलेली वेस कुठे होती, बुजवलेली विहीर कुठे होती, हे नकाशात नसलं तरी त्या माणसांना आठवतं. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल. म्हणून आधी फोटो घेऊन त्यांच्यापाशी बसायचं, त्यांच्या तोंडून जागा समजून घ्यायची आणि ती नोंदवून ठेवायची.