अक्षर की आकृती? : देवनागरी मुद्रणाचा वारसा आणि रेखाटन-सॉफ्टवेअरला आज्ञा देण्याची विद्या

प्रस्तावना

रावेर हा जळगाव जिल्ह्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेला केळीचा तालुका. येथील छपाईची गरज फार मोठी नाही; परंतु ती वर्षभर चालू असते. लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांवरील लेबले, फ्लेक्स, शाळा-महाविद्यालयांची प्रमाणपत्रे ही ती कामे होत. या कामांत आकृती एकच राहते आणि मजकूर तेवढा बदलतो. गुणगौरव समारंभाची तीनशे प्रमाणपत्रे म्हणजे एक चौकट व तीनशे नावे. डीटीपी ऑपरेटर एकेक नाव टंकित करतो, ते मध्यभागी आणतो, फाईल साठवतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. वस्तुतः रेखाटनाच्या सॉफ्टवेअरला लेखी आज्ञावली, म्हणजेच स्क्रिप्ट, देऊन हे काम करवून घेण्याची सोय सुमारे पाव शतकापासून उपलब्ध आहे. असे असताना मराठीत काम करणाऱ्या नवशिक्यास ही वाट इंग्रजीपेक्षा बिकट का वाटावी, या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. या प्रश्नाचे उत्तर नवशिक्याच्या कुवतीत नसून देवनागरी मुद्रणाच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खिळ्यांचा वारसा

जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ साली टाइपांचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरचे टाइप पुढे देवनागरी सौष्ठवाचा मानदंड ठरले. मात्र शिशाचा खिळा हा ध्वनीचा नव्हे, तर आकाराचा प्रतिनिधी असतो, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि असंख्य जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागत. ही संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी अक्षराचे तुकडे पाडणे क्रमप्राप्त होते. टंकलेखन यंत्रावर ही प्रवृत्ती टोकाला गेली. तेथे अर्ध्या ‘म्’ला उभा दंड जोडला की ‘म’ तयार होई.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस डीटीपीचे युग आले, तेव्हा शिसे गेले. परंतु शिशाचा विचार राहिला. त्या काळातील मराठी फाँटनी अक्षरांचे तुकडे रोमन चिन्हांच्या जागी बसविले. पडद्यावर ‘म’ दिसे, मात्र संगणकाच्या स्मृतीत एखाददुसरे रोमन अक्षर वा विरामचिन्ह साठविलेले असे. शिवाय प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. १९८९ मध्ये आलेला कोरलड्रॉ असे फाँट घेऊन छापखान्यांत स्थिरावला, आणि डोळ्याने वाचणाऱ्या माणसाचे त्यात काहीच अडले नाही. अडचण स्क्रिप्टची होती, कारण स्क्रिप्टला डोळे नसतात. तिला स्मृतीत साठविलेले तेवढेच दिसते.

आकृतीची भाषा

दुसरीकडे, आकृतीच शब्दांत लिहिता येते, हा विचार याच काळात पुढे येत होता. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७९ मध्ये मेटाफाँट ही भाषा मांडली व १९८४ मध्ये ती नव्याने सिद्ध केली. तीत अक्षर काढायचे नसते, तर लेखणीची जाडी, तिचा कल आणि तिने कोणत्या बिंदूंवरून जावे हे सांगायचे असते. बोरूचा कल धरून अक्षर वळविणाऱ्या आपल्या परंपरेला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. भारतीय लिप्यांच्या दृष्टीने तिचा विचार लवकरच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राष्ट्रीय केंद्राचे पी. के. घोष यांचा भारतीय लिप्यांतील अक्षररचनेवरील अहवाल स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधील फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये मेटाफाँटमध्येच देवनागरी टाइप सिद्ध केला. दरम्यान १९८४ मध्ये आलेल्या पोस्टस्क्रिप्टमुळे छापावयाचे संपूर्ण पृष्ठ हाच एक प्रोग्राम झाला. म्हणजे ज्या वक्ररेषा आपण माऊसने ओढतो, त्या मुळात आज्ञाच असतात. स्क्रिप्ट लिहिणे ही चित्रकलेवर बाहेरून लादलेली तांत्रिक करामत आहे, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

अक्षराच्या संकेताचा प्रश्न मात्र वेगळ्या ठिकाणी सुटत होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान, १९९१ चे इस्की मानक व त्याच वर्षीचा युनिकोड यांनी आकाराऐवजी वर्णाला क्रमांक दिला. त्यानंतर विंडोज २००० बरोबर प्रा. र. कृ. जोशी यांचा मंगल हा युनिकोड फाँट सर्वसामान्य संगणकावर पोहोचला. अक्षर म्हणजे मजकूर आणि त्याचे दिसणे म्हणजे फाँटचे काम, अशी फारकत येथे झाली. छापखान्यांपर्यंत ती फार उशिरा पोहोचली.

नवशिक्याची पायरी

या विलंबाची किंमत नवशिक्याने मोजली. कोरलड्रॉमध्ये २००० च्या सुमारास व्हीबीएची सोय आली. तथापि त्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत थेट देवनागरी टंकित केल्यास सामान्यतः प्रश्नचिन्हेच उमटतात. ‘म’साठी २३५० हा क्रमांक द्यावा लागतो. ‘रावेर’ लिहायचे तर २३५२, २३६६, २३५७, २३७५, २३५२ असे पाच क्रमांक. आपल्याच गावाचे नाव आकड्यांत लिहावे लागणाऱ्या विद्यार्थ्याचा उत्साह किती काळ टिकेल, हे वर्गात शिकविणाऱ्यांस सांगणे नलगे.

खुल्या प्रणालींनी ही कोंडी बरीच फोडली. १४ सप्टेंबर या हिंदी दिनाइतका गाजावाजा न होता त्याच महिन्यात, २००१ साली, एसव्हीजी हे मानक संमत झाले. २००३ मध्ये इंकस्केप आले, तर २००८ च्या पायथन ३ मध्ये प्रत्येक शब्द मुळातच युनिकोड मानला गेला. एसव्हीजी फाईल ही साधी मजकुराची फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर प्रमाणपत्रावरील नाव देवनागरीत वाचता येते. नावाच्या जागी एखादी खूण ठेवायची, यादीतील एकेक नाव तेथे बसवून नवी फाईल लिहायची, आणि इंकस्केप न उघडताच त्याच्याकडून पीडीएफ करवून घ्यायची. दहा-बारा ओळींत हे काम होते.

तरीही जुना प्रश्न निराळ्या वेषात समोर येतोच. ‘रावेर’ला डोळा तीन अक्षरे म्हणतो, पायथन पाच म्हणतो. ‘श्री’ हे एकच अक्षर संगणकास चार संकेतांचे दिसते. नाव लांब असेल तर टाइप लहान करावा, अशी आज्ञा संकेत मोजून दिली, तर श्रीकृष्ण उगाचच आक्रसतो. ‘सुरेश’चे आद्याक्षर मागावे तर ‘सु’ऐवजी नुसता ‘स’ हाती येतो. यावरील उपाय सोपा आहे : संकेत न मोजता, मांडलेल्या शब्दाची रुंदी इंकस्केपलाच विचारावी. इंग्रजी उदाहरणांवरून शिकविणाऱ्या पुस्तकांत ही सूचना आढळत नाही, कारण त्यांना तिची गरजच पडत नाही. आपल्याकडे डीटीपी व प्रोग्रामिंग हे दोन वेगळे अभ्यासक्रम मानले जात असल्याने ती दोन्हींतून निसटते.

जुन्या फाँटमधील फाईली युनिकोडमध्ये आणणे हा याच संदर्भातील एक उत्तम अभ्यास ठरावा. ‘कि’मधील पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘सूर्य’मधील रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ ‘य’च्या आधी लिहावा लागतो. केवळ चिन्हामागून चिन्ह बदलणारी स्क्रिप्ट येथे फसते. तुकड्यांची जागाही बदलावी लागते. हे नियम लिहून काढताना संगणकशास्त्राच्या पदवीधरापेक्षा वीस वर्षे कळफलकावर बसलेला ऑपरेटर अनेकदा सरस ठरतो. कोणता तुकडा कोणत्या कळीवर आहे आणि तो कोणाच्या आधी दाबायचा, हे त्याला यादी न पाहता सांगता येते.