बेरी सेंट एडमंड्स : एका इंग्लिश बाजारपेठी नगरातील स्थानिक शासन आणि सार्वजनिक सेवा

प्रस्तावना

भारतातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासाची मांडणी सामान्यतः लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावापासून केली जाते. इंग्लंडमध्ये शतकानुशतके रुजलेली नागरी स्वशासनाची परंपरा या ठरावाद्वारे भारतात आली, असे गृहीतक या मांडणीमागे बहुधा असते. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहण्यासाठी लंडन, मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅम यांसारख्या महानगरांपेक्षा एखाद्या जुन्या बाजारपेठी नगराचा इतिहास अधिक उपयुक्त ठरतो. इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक परगण्यातील बेरी सेंट एडमंड्स हे असेच एक नगर आहे. तेथील कारभार कोणाच्या हाती होता, सार्वजनिक सेवांचा खर्च कोठून येत होता आणि त्याचा जाब कोणाला विचारता येत होता, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या नगराच्या स्थानिक शासनाचा आढावा घेतला आहे.

मठाच्या सत्तेखालील नगर

डेन आक्रमकांनी इ. स. ८६९ मध्ये ठार केलेला राजा एडमंड पुढे संत मानला गेला. त्याच्या समाधिस्थानी राजा कॅन्यूट याने १०२० मध्ये बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ स्थापन केला. राजा एडवर्ड द कन्फेसर याने पश्चिम सफोकमधील साडेआठ 'हंड्रेड' एवढ्या प्रदेशातील राजसत्तेचे अधिकार या मठाला दिले. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात मठाधिपती बाल्डविन याच्या काळात मठासमोर काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे नगर आखले गेले. त्या आखणीचा ठसा आजही नगरावर स्पष्ट दिसतो.

नगर मठाने वसविले होते. त्यामुळे बाजार, जकात आणि न्यायदान यांवर मठाचाच हक्क होता आणि मठाचा 'सॅक्रिस्ट' नावाचा अधिकारी नगराचा कारभार पाहत असे. इंग्लंडमधील अनेक नगरांनी मध्ययुगातच राजाकडून स्वशासनाची सनद मिळविली होती. बेरीतील व्यापारी संपन्न असूनही त्यांना ती मिळाली नाही. एम. डी. लोबेल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या नगराच्या अभ्यासात मठाधीन नगराची ही कोंडी तपशिलाने मांडली आहे.

या कोंडीतून दोनदा मोठा उठाव झाला. १३२७ मध्ये नागरिकांनी मठावर हल्ला करून साधूंकडून हक्कांची सनद जबरीने मिळविली. व्यापारी गिल्ड आणि नगराची स्वतःची सामाईक मुद्रा या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. सामाईक मुद्रा म्हणजे करार करण्याचा, मालमत्ता धारण करण्याचा आणि दावा लावण्याचा अधिकार होय. ही सनद टिकली नाही. १३८१ च्या शेतकरी उठावात मठाचा प्रायर जॉन ऑफ केंब्रिज आणि राज्याचे सरन्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यानंतर राजाने जाहीर केलेल्या सर्वसाधारण माफीतून बेरी नगर वगळले गेले आणि त्याच्यावर दोन हजार मार्कांचा दंड बसला. बळाच्या मार्गाने स्वशासन मिळणार नाही, हे यातून स्पष्ट झाले.

विश्वस्तांच्या हाती कारभार

यानंतर नगराने जो मार्ग धरला तो मालमत्तेचा होता. १४८१ मध्ये निधन पावलेल्या जँकिन स्मिथ या धनिक नागरिकाने आपल्या जमिनी नगरासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. नवा मठाधिपती निवडला गेला की नगराला मठाकडे ठराविक रक्कम भरावी लागे. ती या जमिनींच्या उत्पन्नातून भागवावी, हा देणगीमागील एक प्रमुख हेतू होता. आपल्याच अधिपतीचे देणे फेडण्यासाठी नगराचा पहिला मोठा सार्वजनिक निधी उभा राहिला, ही बाब लक्षणीय आहे.

४ नोव्हेंबर १५३९ रोजी आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ विसर्जित झाला. मठाधिपतीच उरला नाही, तेव्हा त्याला द्यावयाची रक्कमही उरली नाही. परंतु जमिनी आणि त्यांचे विश्वस्त मात्र राहिले. तेथे 'फिओफी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विश्वस्तांची बैठक गिल्डहॉलमध्ये होत असे. नगराला अद्याप सनद नव्हती, निर्वाचित मंडळ नव्हते. तरीही गरिबांना साहाय्य आणि नगराच्या सामाईक गरजा यांचा भार या निधीने उचलला. म्हणजेच बेरीमध्ये सार्वजनिक सेवा आधी आली आणि स्थानिक शासनाला कायदेशीर रूप नंतर मिळाले. गिल्डहॉल फिओफमेंट ही संस्था आजही निराधार वृद्धांसाठी निवासाची सोय करते.

सनद आणि बंदिस्त कॉर्पोरेशन

१६०६ मध्ये पहिल्या जेम्स राजाने नगराला सनद दिली आणि बेरीत प्रथमच कॉर्पोरेशन स्थापन झाले. १६०८ च्या भीषण आगीत सुमारे १६० घरे जळाली. त्याच वर्षी दुसरी आणि १६१४ मध्ये तिसरी सनद मिळाली. तिसऱ्या सनदेने संसदेत दोन प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क नगराला दिला.

परंतु हा हक्क नागरिकांचा नव्हता. तो कॉर्पोरेशनच्या ३७ सदस्यांचा होता. रिकामी झालेली जागा हेच सदस्य आपल्या पसंतीने भरत असत. संसदेच्या प्रतिनिधींची निवडही १८३२ पर्यंत याच ३७ जणांच्या हाती राहिली. साहजिकच परिसरातील हर्वी आणि फिट्झरॉय या सरदार घराण्यांचा प्रभाव तेथे निर्णायक ठरला. जी सामाईक मुद्रा मिळविण्यासाठी चौदाव्या शतकात रक्त सांडले, ती अखेर मिळाली तेव्हा मूठभरांच्या पेटीत बंद झाली.

अशा कॉर्पोरेशनकडे सेवा पुरविण्याची इच्छा आणि साधने दोन्ही अपुरी होती. परिणामी प्रत्येक नव्या गरजेसाठी स्वतंत्र मंडळ निर्माण होत गेले. सेंट मेरी आणि सेंट जेम्स या दोन पॅरिशमधील गरिबांच्या व्यवस्थेसाठी अठराव्या शतकाच्या मध्यास खास कायद्याने पालकमंडळ व वर्कहाउस आले. रस्त्यांच्या फरसबंदीसाठी व दिवाबत्तीसाठी वेगळे आयुक्तमंडळ आले. १८२६ मध्ये वर्गणीदारांच्या देणग्यांवर रुग्णालय सुरू झाले. बाराव्या शतकातील मॉइसेस हॉल ही वास्तू या तुटक व्यवस्थेची साक्षीदार आहे. वर्कहाउस, तुरुंग, पोलीस ठाणे आणि १८९९ पासून संग्रहालय अशी अनेक कामे या एकाच इमारतीने पार पाडली.

निर्वाचित परिषदेचा कालखंड

१८३३ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८३५ चा नगर कॉर्पोरेशन कायदा संमत झाला. बेरीसह १७८ नगरांतील जुनी कॉर्पोरेशने त्याने बदलली. करदात्यांनी तीन वर्षांसाठी निवडलेले सदस्य, दरवर्षी एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक, हिशेबांची तपासणी आणि पोलीस दल ठेवण्याची सक्ती ही या कायद्याची वैशिष्ट्ये होत. मताधिकार मर्यादितच होता. स्वतःच्या नावे कर भरणाऱ्या स्त्रियांना नगराच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार १८६९ मध्ये मिळाला. तरीही कर देणारा आणि जाब विचारणारा हे दोघे प्रथमच एक झाले, हे महत्त्वाचे.

१८७२ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने नगर परिषदांकडे आरोग्याची जबाबदारी दिली. १९०२ च्या कायद्याने दहा हजारांहून अधिक लोकसंख्येच्या बरोंना प्राथमिक शिक्षणाचा कारभार मिळाला. नगराच्या गरजा नगरानेच भागवाव्यात, हे तत्त्व या काळात प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळ आले.

सेवांचे स्थलांतर

हा कालखंड मात्र अल्पकाळ टिकला. १८८८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या पश्चिम सफोक काउंटी परिषदेचे मुख्यालय बेरीतच होते, त्यामुळे सत्तेचे वरच्या स्तराकडे सरकणे आरंभी फारसे जाणवले नाही. १९३० मध्ये गरिबांच्या साहाय्याचे काम काउंटीकडे गेले. १९४४ च्या शिक्षण कायद्याने लहान बरोंचा शिक्षणाधिकार संपविला. १९४८ मध्ये रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेत विलीन झाली. १९७४ मध्ये पाणी व सांडपाण्याची व्यवस्था प्रादेशिक जल प्राधिकरणांकडे गेली आणि १९८९ मध्ये तिचे खासगीकरण झाले.

१९७४ मध्येच जुना बरो संपुष्टात आला. बेरी, हॅवरहिल आणि भोवतालचा ग्रामीण भाग मिळून सेंट एडमंड्सबरी हा जिल्हा तयार झाला; पश्चिम सफोक काउंटी परिषदही विसर्जित झाली. शाळा, रस्ते, ग्रंथालये व समाजकल्याण सफोक काउंटीकडे. गृहनिर्माण, नगररचना व कचरा संकलन जिल्ह्याकडे, अशी विभागणी झाली. पुढील २९ वर्षे खुद्द नगराची अशी निर्वाचित परिषद नव्हती. २००३ मध्ये पॅरिश स्तरावरील नगर परिषद स्थापन झाली. तिचे अधिकार मर्यादित आहेत. १ एप्रिल २०१९ रोजी सेंट एडमंड्सबरी व फॉरेस्ट हीथ या जिल्ह्यांचे विलीनीकरण होऊन पश्चिम सफोक जिल्हा परिषद अस्तित्वात आली. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत इंग्लंडमधील द्विस्तरीय रचनाच मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले.

या स्थलांतराला केवळ ऱ्हास म्हणणे योग्य ठरणार नाही. वर्गणीदारांच्या दयेवर चालणाऱ्या रुग्णालयापेक्षा सर्वांना हक्काने मिळणारी आरोग्य सेवा निःसंशय श्रेष्ठ आहे. वर्कहाउसपेक्षा सामाजिक सुरक्षा अधिक मानवी आहे. सेवांचा दर्जा व व्याप वाढला. परंतु त्या सेवांविषयी निर्णय घेणारी सभा नगरापासून दूर गेली. लाभ आणि हानी यांची नोंद एकाच वेळी करावी लागते.

निष्कर्ष

बेरी सेंट एडमंड्सच्या इतिहासावरून तीन बाबी दिसून येतात. पहिली बाब अशी, की येथील स्वशासन ही अखंड प्राचीन परंपरा नव्हती. मठाची सत्ता, विश्वस्तांचा कारभार आणि ३७ जणांचे कॉर्पोरेशन यांनंतर १८३५ मध्ये ते करदात्यांपर्यंत पोहोचले आणि १९७४ मध्ये त्या नगरपुरते जवळजवळ संपले. दुसरी बाब, रिपन यांच्या ठरावाने ग्रामीण भागातही स्थानिक मंडळांची शिफारस केली तेव्हा इंग्लंडच्या काउंट्यांचा कारभार अद्याप नियुक्त न्यायदंडाधिकारी पाहत होते. निर्वाचित काउंटी परिषदा तेथे १८८९ मध्ये आल्या. मुंबई इलाख्यात स्थानिक मंडळांचा कायदा मात्र १८८४ मध्येच झाला होता. म्हणून तयार इंग्लिश नमुना भारतात आणला गेला, असे म्हणण्यापेक्षा दोन्हीकडे हे प्रयोग जवळजवळ एकाच काळात घडत होते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

तिसरी बाब वर्तमानाशी निगडित आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांना लिखित राज्यघटनेचे संरक्षण नाही; संसद त्या निर्माण करते आणि मोडतेही. भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा व मुदतीत निवडणुकांची हमी दिली. तरीही २०२२ नंतर महाराष्ट्रातील अनेक महानगरपालिकांचा कारभार निवडणुकांअभावी काही वर्षे प्रशासकांकडे राहिला. त्या काळातही पाणी येत होते, दिवे लागत होते आणि कचरा उचलला जात होता. सेवा चालू राहणे आणि स्वशासन चालू राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मठाच्या काळातील बेरीतही बाजार नियमित भरत होता. नागरिकांची मागणी केवळ बाजाराची नव्हती, ती स्वतःच्या मुद्रेची होती.