बंबात गेलेल्या दोन वह्या आणि उरलेली एक

नववीत असताना इतिहासाच्या सरांनी आपल्याला दिलेले एक काम आठवते का? "येत्या शनिवारी प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू घेऊन यायची." शनिवारी टेबलावर बाजार भरला होता. भोकाचे पैसे, अडकित्ते, पितळी पानदान, कुणाच्या आजीचा पायलीचा माप. एकाने तर कुंभारवाड्यातून गणपतीचा जुना साचाच उचलून आणला होता आणि घरी गेल्यावर मार खाल्ला होता. मी तांब्याचा गडू नेला होता. एवढ्या वस्तूंत कागद मात्र एकही नव्हता. कागद म्हणजेही इतिहास, हे आपल्या कुणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या तर पुढची कितीतरी वर्षे आले नाही. त्याची किंमत मी नाही, आपल्याच वर्गातल्या एकाने मोजली. ती गोष्ट या स्मरणिकेत सांगायची ठरवली आहे.

त्याआधी आपल्याच तालुक्यातली एक दुसरी गोष्ट सांगतो. ती कळली तेव्हा मला माझी चूक नीट समजली.

पेणच्या पूर्वेला वरसई हे गाव आहे. जित्याहून पेणला बाजाराला जाणारे आपण, वरसईचे नाव एसटीच्या पाटीवर वाचलेले असते, एवढेच. या गावात १८२७ साली विष्णुभट गोडसे जन्मले. घरची भिक्षुकी, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी आली आणि १८५७ च्या मार्च महिन्यात विष्णुभट आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडात. महूजवळ शिपायांकडून त्यांना पहिली बातमी कळली. पुढे ते झाशीला राहिले. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शहर पडल्यावरची कत्तल, जाळपोळ आणि लूट पाहिली. वाटेत मिळालेले सगळे लुटले गेले. शेवटी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते घरी परतले.

हे सगळे त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढले. चिंतामण विनायक वैद्य, म्हणजे पुढे भारताचार्य म्हणून प्रसिद्ध झालेले, त्यांच्या घराण्याशी गोडशांचा संबंध होता. तरुण वैद्यांनी आग्रह केला, म्हणून भटजींनी बसून लिहिले. लिहायला सोपे, छापायला अवघड, असा तो काळ होता. इंग्रजांचे राज्य होते. आपल्या हयातीत छापू नये, अशी त्यांची अट होती. वैद्यांनी ती पाळली आणि 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केले. ते आज मराठीतले महत्त्वाचे प्रवासवर्णन मानले जाते. हिंदी-इंग्रजीतही गेले आहे.

आता मुद्दा पाहा. वैद्यांनी पुस्तक छापताना भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, काही बदलला. हेतू वाईट नव्हता. सरकारची भीती होती आणि शिष्ट समाजाला रुचेल असे पुस्तक हवे होते. पण त्यांनी एक फार चांगले केले. काम झाल्यावर मूळ हस्तलिखित फेकून दिले नाही, माळ्यावरही टाकले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले. म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मुळाबरहुकूम आवृत्ती काढता आली आणि वरसईचा भटजी खरा कसा बोलत होता, ते जगाला कळले. गाळलेले परत आले, कारण कागद जागेवर होता. कागदच नसता, तर परत आणायचे कुठून?

हे मंडळ ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केले. राजवाड्यांचे नावही आपल्या वरसईशी जोडलेले आहे, हा योगायोग मला फार आवडतो. राजवाड्यांनी आयुष्यभर काय केले? गावोगाव पायी फिरून लोकांच्या वाड्यांतली, माळ्यांवरची दप्तरे शोधली. वाईच्या एका वाड्यात त्यांना पानिपतच्या काळातली पत्रे सापडली आणि त्यांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे असे २२ खंड झाले. ही पत्रे कुठल्या सरकारी कचेरीत नव्हती. घरात होती. घरातल्या माणसांना ती अडगळ वाटत होती, आणि बाहेरच्या एका माणसाला त्यांचे मोल कळले.

आता माझी गोष्ट.

माझे आजोबा एका जमीनदाराकडे कारकुनी करत. भात मोजून घेणे आणि वहीत लिहिणे, हे त्यांचे काम. आपल्याकडची जमीन कशी होती, हे तुम्हाला सांगायला नको. वर खाचरे, खाली खारपाट, खाडीला बांध आणि उघाड्या. कसणारा एक आणि मालक दुसराच. खंड भातात जायचा. पाऊस गेला, बांध फुटला, तरी खंड सुटायचा नाही. याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसण्याचा संप केला, तो याच जाचापायी. डॉ. आंबेडकरांनी त्या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक झाला.

कायद्याने झाला. पण कागदावर व्हायला पुरावा लागत होता. आपण ही जमीन कसत होतो, हे दाखवायचे कशाने? खंडाच्या पावतीने. आणि पावती देण्याची रीत फारशी नव्हती. अनेक ठिकाणी नोंद असायची ती एकाच जागी, कारकुनाच्या वहीत.

आजोबांच्या अशा तीन वह्या आमच्या पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत, लाल रुमालात बांधलेल्या होत्या. सगळे मोडीत. आजोबा गेले, वडील गेले. १९९२ मध्ये जुने घर उतरवून स्लॅबचे घर बांधायला काढले. ट्रंक खाली आणली. वरच्या दोन वह्यांना कसर लागलेली, एक अक्षर वाचता येईना. मी त्या पाने फाडून बंबात घातल्या. आठवडाभर अंघोळीचे पाणी तापले. तिसरी वही ट्रंकेच्या तळाला चिकटली होती म्हणून राहिली. ती मी वाचवली नाही, ती आपोआप वाचली.

पुढे २००८ साल उजाडले. सेझचे दिवस आठवा. २१ सप्टेंबरला पेण तालुक्यातल्या २२ गावांत जनमत घेतले गेले. घराघरांत सातबारा, फेरफार, खाते-उतारे यांशिवाय बोलणे नव्हते. ज्यांनी कधी कागद पाहिले नव्हते, ते तलाठ्याकडे खेपा घालू लागले. त्या दिवसांत एका संध्याकाळी आपल्या वर्गातला मित्र माझ्याकडे आला. नाव लिहीत नाही. मागच्या बाकावर बसायचा, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल तुडवून यायचा, एवढे पुरे. चहा झाल्यावर म्हणाला, "तुझा आजा खंड लिवायचा ना रं? त्याच्या वहीत माझ्या आज्याचं नाव आसंल. सत्तावन्नच्या आधी आमी कसत व्हतो, येवढं दाखवायचं हाय."

मी गप्प राहिलो. मग सांगितले, की वह्या जाळल्या. एक उरली आहे, पण ती वाचता येत नाही.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. "जाऊ दे, तुला काय म्हायत," एवढेच बोलला आणि उठला. त्याच्या घरच्यांनी पुढे तडजोड केली. जेवढे मिळाले तेवढ्यावर सोडले.

मला ते वाक्य सोडेना. निवृत्तीनंतर मी मोडीचा वर्ग लावला. राज्याचे पुराभिलेख संचालनालय असे वर्ग चालवते, वय आडवे येत नाही. अक्षर लागायला काही महिने गेले. मग उरलेली वही उघडली. ती १९३८ ते १९४५ या वर्षांची निघाली. पानोपानी 'तालुके पेण, जिल्हा कुलाबा', शेताचे नाव, कुळाचे नाव, भात किती मण आले, किती बाकी. आणि एका पानावर, १९४१ सालच्या नोंदीत, माझ्या मित्राच्या आजोबांचे नाव. पुढे अंगठ्याची निशाणी.

१९५७ च्या कज्जाला ती नोंद कितपत उपयोगी पडली असती, कोण जाणे. नंतरच्या वर्षांच्या वह्या मी जाळलेल्या. पण मी मित्राला बोलावले. त्याने मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "ह्यो आज्याचा अंगठा?" त्याच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. त्या माणसाचे या जगात उरलेले तेवढेच, आणि ते माझ्या घरात होते. त्याने मोबाइलमध्ये पानाचा फोटो काढला आणि बराच वेळ मोठा करून पाहत बसला.

या वहीत आणखीही काही आहे. खंडाशिवाय घेतलेल्या कोंबड्या, गवताचे भारे, वेठीचे दिवस, सगळे आजोबांनी आपल्या सुबक अक्षरात लिहून ठेवले आहे. माझा चुलतभाऊ म्हणाला, "वही कुठे द्यायची तर दे, पण ती पाने काढून दे. उगाच आजोबांचे नाव खराब कशाला?" त्याचे वाईट वाटणे मला समजते. माझेही ते आजोबाच. पण मला वैद्य आणि पोतदार आठवले. छापताना गाळलेले नंतर भरून काढता येते, कारण मूळ कुठेतरी असते. मुळातलेच पान काढले तर ते कायमचे गेले. शिवाय ती पाने आजोबांची असली, तरी त्यांतले दिवस दुसऱ्यांच्या आजोबांचे आहेत. एकदा न वाचता जाळले. आता वाचून फाडायचे नाही, असे मी ठरवले आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एखादी ट्रंक आहे. गिरणीतल्या काकाची मनिऑर्डरची पावती, बांधबंदिस्तीच्या वर्गणीचा हिशेब, गणपतीच्या कारखान्यातली उधारीची वही, लग्नाची याद, बहिणीला लिहिलेले पोस्टकार्ड. 'आमच्या घरात कुठला इतिहास' असे म्हणू नका. विष्णुभटही कर्ज फेडायलाच निघाले होते.

थोडे सांगतो, ते कराल तर पुष्कळ होईल. जुना कागद चिकटपट्टीने जोडू नका, लॅमिनेट करू नका, त्यावर पेनाने लिहू नका. कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात, भिंतीपासून दूर ठेवा. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागचीही बाजू. कुणाचा कागद, कुठे सापडला, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. वाचता येत नाही म्हणून जाळू नका. वाचणारे आहेत. आता मीही थोडा आहे. आणि सांभाळणे जमत नसेल, तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, कागद जपणाऱ्या संस्थेला विचारा.

माझी वही मी अशाच संस्थेकडे, एकही पान न काढता, देणार आहे. पण त्याआधी मेळाव्याच्या दिवशी ती शाळेत घेऊन येतो आहे. आपल्या नववीच्या वर्गात, सरांच्या टेबलावर ठेवीन आणि दिवसभर शेजारी बसेन. जेवणाच्या आधी, नंतर, केव्हाही या. आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव आणि शेताचे नाव सांगा, मी शोधून वाचून दाखवीन. वहीत बासष्ट कुळे आहेत. त्यांतली बरीच आडनावे आपल्या हजेरीपटावरची आहेत.

सर, तुमचे काम पूर्ण करायला जरा उशीर झाला.