लाकडी झालर आणि साखर

इंग्लंडात लीड्स नगराजवळ हेअरवुड हाउस हा प्रासाद उभा आहे. संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत त्यास पहिली श्रेणी लाभली आहे. १७५९ साली एडविन लॅसल्स ह्यांनी त्याचा पाया घातला. आराखडा जॉन कार ह्यांचा, अंतर्भागाची सजावट रॉबर्ट ॲडम ह्यांची. पाहणाऱ्याची दृष्टी खिळते ती मात्र लांबलचक चित्रदालनातील खिडक्यांच्या माथ्यावर. तेथे रेशमी झालर लोंबत आहे असा भास होतो. वस्तुतः ते चिपेंडेल ह्यांच्या कारखान्यात कोरून रंगविलेले लाकूड होय! असे हस्तकौशल्य क्वचितच आढळावे.

ह्या वैभवाचे मूळ बार्बाडोसच्या साखरेत होते, व तेथील ऊस तोडणारे हात गुलामांचे होते. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने उठली. भरपाई मिळाली ती मालकांस. हेअरवुडच्या अर्लना १,२७७ माणसांबद्दल २६ हजारांहून अधिक पौंड मिळाले. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच पडले नाही. त्याच वर्षी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध हिंदी मजुरांची जहाजे निघू लागली. हेअरवुड येथे १८४३ पासून चार्ल्स बॅरी ह्यांनी प्रासादावर आणखी एक मजला चढविला.